ग्रान पारादिझोच्या पश्चिम उतारावर

पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर सकाळी छायाचित्रण करायचे, तर ऊन उशिरा येणार हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. इटलीतील ग्रान पारादिझो या 4061 मीटर उंचीच्या शिखराचा नेहमीचा मार्ग अशाच उतारावरून जातो. स्की बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मला तिथे स्की टूरिंगची, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून मग घसरत उतरण्याची, छायाचित्रे टिपायची होती. संध्याकाळचे तिरपे ऊन सर्वांत देखणे पडले असते; परंतु एप्रिलमध्ये दुपारनंतर बर्फ भिजून सैल होतो, हिमस्खलनाचा धोका वाढतो आणि हिमभेगांवरचे बर्फाचे पूल भरवशाचे राहत नाहीत, म्हणून गाईडने ती वेळ आधीच नाकारली होती आणि ते मला पूर्णपणे मान्य होते.

सुमारे 2735 मीटरवरील व्हित्तोरिओ एमानुएले निवाऱ्यातून आम्ही चौघे अंधारातच निघालो. स्कीच्या तळाला चिकटवलेल्या स्किनच्या पट्ट्या मागे घसरू देत नाहीत, त्यामुळे टाच मोकळी ठेवून चढता येते. तरीही घट्ट गोठलेल्या उतारावर स्कीला दातेरी पाती लावावीच लागली. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवल्या होत्या. शिखराखाली स्की ठेवून, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दाते) बांधून खडकाळ कड्यावरून शिखरावरच्या मादोन्नाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, पुतळ्यापर्यंत जाऊन आलो.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. वाऱ्याच्या आडोशाला एका खोलगट भागात कोरडा, भुसभुशीत बर्फ टिकून होता. गाईडने तो तपासून एका वेळी एकानेच उतरण्याची परवानगी दिली. त्या कोऱ्या बर्फावर एकदा रेघ उमटली की पुसता येत नाही, त्यामुळे संधी एकच होती. बर्फ राखाडी येऊ नये म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, दीड स्टॉप वाढवले (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि हिस्टोग्रॅम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहून पांढऱ्याचा पोत शाबूत असल्याची खात्री केली. सूर्य नुकताच कड्यावर आला होता. पहिला स्कीपटू सुटला, तिसऱ्या वळणावर त्याच्या स्कीमागून उसळलेला बर्फाचा फवारा मागून आलेल्या उन्हात कणाकणाने उजळला आणि त्यामागचा उतार अजून निळसर सावलीतच होता. मला हवी असलेली चौकट हीच होती.

दुसऱ्याची वळणे शेजारून टिपली आणि लगेच उतरायला लागलो. निवाऱ्यात शिरण्यापूर्वी, उबदार दमट हवेने भिंगावर बाष्प धरू नये म्हणून कॅमेरा हवाबंद पिशवीत गुंडाळला. ती चौकट पाहण्याची कितीही घाई झाली, तरी तो आतल्या हवेइतका तापेपर्यंत पिशवी उघडली नाही.