८११-ए लिनियर: निम्मी पॉवर कुठे अडली होती ते सापडलं

दोन ८११-ए व्हॉल्व्हचा (काचेच्या रेडिओ-नळ्यांचा) माझा घरगुती लिनियर, म्हणजे हॅम रेडिओच्या ट्रान्सीव्हरची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, जूनपासून ४० मीटरच्या बँडवर १४० वॉटच्या वर जाईना. मार्चमध्ये हाच सेट २७५ वॉट सहज देत होता. प्लेट करंट ३०० ऐवजी १७० मिलीअँपिअर, ग्रिड करंटही त्याच प्रमाणात खाली. संध्याकाळी तर पॉवर ११० पर्यंत उतरायची. रत्नागिरीत पाऊस लागला की विजांच्या भीतीने माझी अँटेना खालीच असते, त्यामुळे सगळं काम डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवरच केलं.

आधी मीटरवर शंका घेतली. ट्रान्सीव्हर थेट डमी लोडला लावून १०० वॉट दिले, वॉटमीटरने १०० दाखवले. डमी लोड ओहममीटरवर ५०.३. म्हणजे मोजमाप बरोबर होतं. मग हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणारं व्होल्टेज पाहिलं. नुसतं १६८० व्होल्ट, १७० मिलीअँपिअर ओढताना १५८०. कपॅसिटर गेले असते किंवा एखादा डायोड उघडा पडला असता तर व्होल्टेज याहून बरंच खाली बसलं असतं. तो विषय तिथेच सोडला.

पुढचा आठवडा ड्राइव्हने, म्हणजे ट्रान्सीव्हरकडून लिनियरला मिळणाऱ्या पॉवरने खाल्ला. ट्रान्सीव्हर आणि लिनियरच्या मध्ये दुसरा वॉटमीटर लावला, तर ४५ वॉटची सेटिंग असताना जेमतेम ३२ वॉट पुढे जात होते आणि इनपुटचा एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे अचूक) २ च्या वर. ट्रान्सीव्हर स्वतःला वाचवायला पॉवर मागे घेत होता. मला वाटलं, चोर सापडला. इनपुट कॉइलचे टॅप हलवले, मायका कपॅसिटर बदलले. एसडब्ल्यूआर १.४ वर आला, ड्राइव्ह पूर्ण ४५ वॉट जायला लागला, आणि आउटपुट १५५! ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड जमिनीला जोडून सिग्नल फिलामेंटला देतात त्या रचनेत) इनपुटचा इम्पीडन्स व्हॉल्व्हच ठरवतात. दोनपैकी एक व्हॉल्व्ह काम करेनासा झाला की तो इम्पीडन्स वाढणारच. मी परिणामाला कारण समजून बसलो होतो.

शनिवारी रात्री लाइट गेली. परत आली तेव्हा खोलीतला दिवा लावायच्या आधी लिनियरची फिलामेंट पेटली, आणि जाळीतून पाहिलं तर उजवा व्हॉल्व्ह लख्ख, डावा जरा तांबूस. दिवसा हा फरक कधी जाणवलाच नव्हता. व्हॉल्व्ह म्हातारा झाला असं धरून, गार झाल्यावर दोन्हींची अदलाबदल केली. तरीही तांबूस उजेड डावीकडेच राहिला! म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, त्या जागेचा होता.

इथून पुढचं तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या सेटमध्ये फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे. हाय टेन्शनच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढून खिशात ठेवला, पाच मिनिटं थांबलो, मीटर शून्यावर आला तरी अर्थिंगची काठी प्लेटच्या लाइनला टेकवली, आणि मगच चेसिस उलटी केली. ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) उघडा पडला असेल तर पाच मिनिटं थांबूनही कपॅसिटर भरलेलेच राहतात. काठी टेकवल्याशिवाय आत हात घालू नका.

ट्रान्सफॉर्मरवर ६.३ व्होल्ट. फिलामेंट चोकनंतर (फिलामेंटच्या वाटेतल्या कॉइलनंतर) डाव्या सॉकेटच्या लगवर, म्हणजे वायर सोल्डर करतात त्या टोकावर, ६.२. जूनमध्ये मी इथपर्यंतच मोजून समाधान मानलं होतं. या वेळी सुईसारखा प्रोब सॉकेटच्या खालून थेट व्हॉल्व्हच्या पिनच्या टोकाला लावला. १ आणि ४ नंबरच्या जाड पिनांमध्ये ५.४५! मग एक प्रोब लगवर, दुसरा त्याच पिनवर असं मोजलं. १ नंबरवर ०.०४ व्होल्ट, ४ नंबरवर ०.७.

८११-ए चं फिलामेंट ६.३ व्होल्टला ४ अँपिअर घेतं. कमी व्होल्टेजमुळे इथे ३.७ धरले तर त्या एका स्पर्शात सुमारे ०.१९ ओहम होतात. साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर असा आकडा वायरींच्या रेझिस्टन्समध्येच हरवतो. पण त्या ठिपक्याएवढ्या जागेत अडीच वॉट उष्णता होत होती. उष्णतेने पिनला धरणारी सॉकेटची पत्ती ढिली पडते, काळी पडते, रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणि आमची खारी हवा त्यात भर घालते. थोरिएटेड टंगस्टनला ५ टक्क्यांच्या आत व्होल्टेज लागतं, म्हणजे किमान ६.०. त्याखाली इमिशन, म्हणजे फिलामेंटमधून निघणारे इलेक्ट्रॉन, झपाट्याने पडतं. संध्याकाळी घरची लाइन २१० व्होल्टवर आली की पिनवर ५ च्या आसपासच उरत असणार. रोज संध्याकाळी पॉवर का उतरायची, तेही कळलं.

सॉकेट सोडवून हातात घेतलं. तीन पत्त्या पिवळसर चकचकीत, चौथी निळी-काळी, काडीने दाबली तर परत उसळेना. घासून पाहिलं, ५.९ पर्यंत आलं, तासाभरात पुन्हा ५.७. ताण गेलेली पत्ती घासून परत येत नाही. हॅम मंडळींच्या सकाळच्या नेटवर (रेडिओवरच्या बैठकीत) बोललो तर कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ ओएमनी (हॅम मित्राने), "माझ्या डब्यात चिनी मातीची दोन पडून आहेत, घेऊन टाक," म्हणत एसटीच्या पार्सलने पाठवली. पैसे घेतले नाहीत. या छंदातली अशी माणसं मला फार मोलाची वाटतात.

दोन्ही सॉकेट बदलली, चोकचे सांधे पुन्हा सोल्डर केले, व्हॉल्व्हच्या पिनांची टोकंही सोल्डरने ताजी केली, कारण त्या पोकळ असतात आणि आतला सांधा सुटतो. आता दोन्ही व्हॉल्व्हच्या पिनांवर ६.१५. इनपुट कॉइलचे टॅप जुन्या जागी परत नेले, एसडब्ल्यूआर आपोआप १.३. ४५ वॉट ड्राइव्ह, १५०० व्होल्ट, ३०० मिलीअँपिअर, आउटपुट २७०. दोन्ही व्हॉल्व्ह अंधारात सारखेच उजळ.

संध्याकाळच्या लाइनसाठी फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला टॅप काढायचे आहेत. २० मीटरच्या बँडवर प्लेटचा डिप (ट्यून करताना प्लेट करंट सर्वांत कमी होतो ती जागा) आणि जास्तीत जास्त आउटपुट अजून एका ठिकाणी येत नाहीत, त्याचे आकडे पुढच्या वेळी देईन.