लॉन्ड्रीतल्या मामांचे बोट

मुंबईतील एका रुग्णालयात मी हातांच्या दुखापतींवर उपचार करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझ्यासमोर येणारी बोटे बहुधा धारावी, साकीनाका किंवा वसईच्या गाळ्यांतली असतात, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली सापडलेली. गेल्या पावसाळ्यात मात्र एक बोट आमच्याच तळमजल्यावरून आले.

लॉन्ड्रीतले ते मामा (रुग्णालयातल्या पुरुष कर्मचाऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) कपडे पिळण्याच्या यंत्रावर होते. धुतलेल्या चादरी भोकाभोकांच्या पोलादी पिंपात भरल्या की ते वेगाने फिरते आणि पाणी बाहेर फेकले जाते. वीज बंद केली तरी ओल्या कपड्यांच्या वजनामुळे पिंप फिरतच राहते, आणि त्याचे शेवटचे संथ फेरे फार फसवे असतात. झाकण उघडे असताना मोटर चालू नये, यासाठी झाकणापाशी एक लहानशी कळ असते. आमच्या यंत्राची ती कळ कुणीतरी कायमची दाबून ठेवली होती, आणि तीही जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीने.

दोष मामांना देणे सोपे होते, आणि तो दिलाही गेला. परंतु जुलै महिन्यात चादरी वाळत नाहीत, शस्त्रक्रिया कापडासाठी खोळंबतात, वरून दर दहा मिनिटांनी फोन येतो, आणि अशा वेळी पिंप थांबण्याची वाट न पाहता प्रत्येक खेपेमागे वाचणारी दोन मिनिटे कुणालाच नकोशी नसतात. बाहेर आलेले चादरीचे टोक आत सारायला मामांनी हात घातला, कापडाचा पीळ उजव्या तर्जनीभोवती बसला आणि बोटाचे टोकाचे पेर ओढले जाऊन तुटले.

धारदार पात्याने कापलेले बोट जोडणे त्या मानाने सोपे असते. ओढून तुटलेल्या बोटातल्या रक्तवाहिन्या आणि नसा आतपर्यंत ताणलेल्या असतात. त्यातच एका सहकाऱ्याने ते पेर घाईघाईने बर्फात टाकून आणले. वास्तविक ते ओलसर, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते, कारण बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात. ज्या इमारतीत ऑपरेशन थिएटर आहे, तिच्याच तळमजल्यावर हे आम्ही कधी सांगितले नव्हते, याची मला आजही लाज वाटते. पेर जोडता आले नाही.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीचे एक पेर गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट ९ टक्के धरली होती, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. मामांना मात्र शर्टाचे बटणही लावता येईना, आणि बोटाच्या टोकाला सुती चादरीचा स्पर्शसुद्धा झोंबू लागला. ही संवेदना बोथट करण्यासाठी ते बोट आधी कापसात, मग कोरड्या तांदळात, मग मटकीत असे रोज फिरवावे लागते. ‘मॅडम, सून विचारते, मटकी भिजवू की बोटाला ठेवू?’ असे त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे विचारले.

अहवाल भरायला बसले, तेव्हा खरी अडचण कळली. आमच्याकडे सुई टोचल्याची नोंद अत्यंत काटेकोर असते : सुई कोणती, हातमोजे होते का, रुग्णाचे रक्त तपासले का. यंत्रासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. मामांचे बोट मी ‘इतर’मध्ये लिहिले. विजेवर हलणाऱ्या खाटेच्या कठड्यात चेंगरलेली मावशींची करंगळी, प्लास्टर कापण्याच्या तापलेल्या यंत्राने भाजलेला अंगठा, स्वयंपाकघरातल्या ग्राइंडरने सोललेली बोटे, या साऱ्यांची कॅज्युअल्टीत पट्टी झाली आणि विषय तिथेच मिटला. कोणत्या यंत्राने किती बोटे धरली, हे विचारले तर आज आमच्याकडे उत्तर नाही. नव्या रकान्यासाठी मी अर्ज दिला आहे आणि तो फायलीत आहे.

कळीवर आता पत्र्याचे आवरण बसवले आहे. वीज बंद केल्यापासून पिंप पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ जातो, हे मी परवा घड्याळ लावून पाहिले : एक मिनिट चाळीस सेकंद.