सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग: ३८ किलोमीटर, सहा लिटर पाणी आणि एक छत्री

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हणजे मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची २,६५० मैलांची पायवाट. एवढी सुट्टी मला या जन्मात मिळायची नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यांत चालते. मेच्या पहिल्या आठवड्यात सॅन डिएगोच्या पूर्वेकडचा, अँझा-बोरेगो वाळवंटाच्या कडेचा तुकडा एकटीने केला. दक्षिण टोकापासून ७७ व्या मैलावर सिझर्स क्रॉसिंग, १०१ व्या मैलावर बॅरल स्प्रिंग. मधल्या २४ मैलांत भरवशाचा नैसर्गिक झरा एकही नाही.

पहिली चूक निघतानाच झाली. गाडी आदल्या रात्री बॅरल स्प्रिंगजवळ ठेवली होती. सकाळी मैत्रीण सिझर्स क्रॉसिंगला सोडायला आली, पण वाटेत ज्युलियन गावात कॉफी झाली, गप्पा झाल्या, आणि चालायला लागेपर्यंत पावणेसात. तुम्ही साडेचारला निघा. कॉफी परत येताना प्या.

वाट सॅन फेलिपे टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून जाते. चढ अंगावर येणारा नाही, पण प्रत्येक घळीत आत शिरायचं, वळसा घालून बाहेर यायचं, की समोर पुन्हा तशीच घळ. मघाशी चाललेली वाट पलीकडे हाकेच्या अंतरावर दिसत राहते, आणि ते फार चिडवणारं असतं. झाड असं नाही. ओकोटियोच्या काटेरी छड्या, पिंपासारखे गोल निवडुंग आणि चोया. चोया हाही निवडुंगच, पण हा नुसता घासून गेला तरी काट्यांचा गोळाच कपड्यांना चिकटतो. हाताने उपटू नका, कंगव्याने उडवा. कंगवा न्यायचा हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेदहाला डोकं ठणकायला लागलं आणि मळमळलं. पाणी तर भरपूर पीत होते. मग कळलं, नुसतं पाणीच पीत होते, घामावाटे मीठ चाललं होतं त्याचं काय? ओआरएसची पुडी, मीठ लावलेले शेंगदाणे आणि लिंबाचं लोणचं, या क्रमाने पोटात घातलं आणि एका खडकाच्या वीतभर सावलीत सव्वाअकरा ते साडेतीन पडून राहिले. खडक सरकत नाही, सावली सरकते, त्यामुळे दर वीस मिनिटांनी मीही सरकत होते. थर्मामीटर ३८ अंश. फोन तापून आपोआप बंद पडला, नकाशा त्यातच. कागदी नकाशा घ्याच. फोन सॅकच्या मध्यभागी कपड्यांत गुंडाळून ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडली ती चंदेरी छत्री. वाऱ्यात उलटते, तरी डोक्यावर सावली घेऊन चालण्यात जो फरक पडतो तो टोपीने पडत नाही. जेवणाला दही-पोह्यांची वाळवंटी आवृत्ती: पातळ पोहे, मेतकूट, मीठ, दुधाची पावडर, वर थंड पाणी. म्हणजे थंड म्हणायचं. बाटलीतलं पाणी तोवर चहाच्या तापमानाला आलं होतं. स्टोव्हची गरज नाही, आणि या सुक्या गवतात ठिणगीची जोखीमही नको.

सिझर्स क्रॉसिंगपासून चौदाव्या मैलाच्या आसपास थर्ड गेट नावाचं फाटक लागतं. तिथून थोडं खाली उतरलं की स्वयंसेवकांनी वाहून आणून ठेवलेले पाण्याचे कॅन असतात. आपल्याकडची पाणपोईच. फक्त रांजणापाशी ओगराळं घेऊन बसलेलं कोणी नाही, त्यामुळे किती घ्यायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी पावणेसहाला पोचले. माझ्याकडे अडीच लिटर होतं, पुढे दहा मैल बाकी. एक लिटर घेतलं. बरेच कॅन रिकामे होते आणि मागून अजून चालणारे येत होते. एकाने चक्क तोंड धुवायला पाणी घेतलं. मी काही बोलले नाही, बोलायला हवं होतं.

ही पाणपोई नाहीच असं समजून निघा. कॅन कधीही संपलेले असू शकतात. सहा लिटर म्हणजे सहा किलो, पहिले दोन तास खांदे रडतात, पण दुसरा मार्ग नाही. निघण्यापूर्वी चालणाऱ्यांनी भरलेला पाण्याचा ताजा अहवाल वाचा. बॅरल स्प्रिंगची धारही उन्हाळा चढला की बारीक होते.

सूर्य मावळल्यावर पाय आपोआप उचलायला लागले. मात्र संध्याकाळी तापलेल्या वाटेवर रॅटलस्नेक येऊन पडतात, त्यामुळे हेडलॅम्प लावा आणि कानातलं गाणं बंद ठेवा. मला एक भेटला, खुळखुळा वाजवून त्याने रीतसर कळवलं. मी चार पावलं मागे जाऊन उभी राहिले. त्याला घाई नव्हती. दहा मिनिटं गेली.

दहाच्या सुमाराला ओकची झाडं आली आणि नळीतून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. गाळून प्या, गुरंही तिथेच पितात. हाताशी दुसरा दिवस असेल तर रात्री तिथेच झोपा आणि पहाटे वॉर्नर स्प्रिंग्जकडे निघा. साधारण आठ मैल आहे, वाटेत गवताळ माळावर पंख पसरलेल्या गरुडासारखा दिसणारा ईगल रॉक लागतो. मला सोमवारी ऑफिस होतं.