स्टेन्सिलचे डेकोरेटर आणि देवगडची आंबापेटी

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांना मोसमात आपल्या संकेतस्थळावर मोजक्याच गोष्टी हव्या असतात: आजचा दर, फळाचा आकार, पेटीत किती डझन आणि मागणी नोंदवायचे बटण. अडचण अशी की ही संकेतस्थळे एका घडणीची नसतात. कोणाचे वर्डप्रेसवर असते, कोणाचे पुतण्याने हाताने लिहिलेल्या एचटीएमएलचे, तर एखादे रिअ‍ॅक्टवर उभे असते. हा भाग एकदाच लिहून सगळीकडे एका टॅगने बसवायचा तर वेब कम्पोनंट, म्हणजे कोणत्याही पानात बसणारा स्वतंत्र घटक, हाच सोयीचा मार्ग ठरतो, आणि त्यातले कंटाळवाणे काम टाळण्यासाठी मी स्टेन्सिल वापरतो. मोबाइल अ‍ॅप बनवण्याची साधने देणाऱ्या आयोनिकच्या चमूने २०१७ मध्ये पुढे आणलेला हा कंपायलर (कोडचे रूपांतर करणारा प्रोग्राम) टाइपस्क्रिप्ट आणि जेएसएक्समध्ये लिहिलेल्या वर्गातून ब्राउझरला कळणारे कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण नाव दिलेला नवा टॅग, तयार करून देतो.

त्याचा प्रोग्रामिंग इंटरफेस आटोपशीर आहे. तरी त्यातले काही नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतात, आणि माझ्या मते त्यांपैकी बहुतेकांचे मूळ दोनच गोष्टींत आहे: कंपायलर घटकाची माहिती आधीच वाचून ठेवतो, आणि घटकाचा खरा कोड पानावर उशिरा येतो.

पहिली गोष्ट आधी घेऊ. कम्पोनंट, प्रॉप, स्टेट, इव्हेंट हे डेकोरेटर, म्हणजे वर्गावर आणि त्याच्या भागांवर लावायच्या खुणा, ब्राउझरमध्ये चालत नाहीत. कंपायलर ते वाचतो, त्यांतून हवे ते टिपून घेतो आणि तयार होणाऱ्या जावास्क्रिप्टमधून त्यांना वगळतो. त्यामुळे बाहेरून कोणती मूल्ये (प्रॉप) येतात, आत कोणती (स्टेट) बदलतात आणि बाहेर कोणता इव्हेंट जातो, हे सारे वर्गाच्या पहिल्या काही ओळींतच दिसते. प्रॉपचा प्रकारही कंपायलर वाचतो, म्हणून डझनांच्या प्रॉपला नंबर असा प्रकार दिला की टॅगवर अवतरणचिन्हांत लिहिलेला आकडा संख्या होऊन आत येतो. इथे मराठी माणसाने एक खबरदारी घ्यावी. बागायतदाराने आपल्या पानावर देवनागरीत ‘५’ लिहिले तर त्याची संख्या होत नाही, कारण जावास्क्रिप्टचे रूपांतर इंग्रजी अंकच ओळखते, आणि पेटीवर आकड्याच्या जागी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) झळकतो. अशा ठिकाणी प्रॉप स्ट्रिंग ठेवून अंक आपणच बदलून घेणे शहाणपणाचे. टॅगच्या नावालाही अशीच मर्यादा आहे: ते रोमन लहान अक्षराने सुरू व्हावे लागते आणि त्यात जोडरेघ असावी लागते. पण हा नियम कस्टम एलिमेंटच्या मानकाचा आहे, त्याचा दोष स्टेन्सिलच्या माथी मारू नये.

प्रॉप आतून बदलता येत नाही, हे मला पटते. म्यूटेबल (बदलता येणारा) असा पर्याय देऊन तशी मुभा घेता येते. पण दर बागायतदाराने ठरवायचा आणि घटकाने तो परस्पर बदलायचा, ही व्यवस्था कोणाच्याच हिताची नाही. ग्राहकाने निवडलेल्या पेट्यांची यादी मात्र स्टेटमध्ये असावी. त्या यादीत पुश करून (शेवटी जोडून) नवी पेटी घातली तर पडद्यावर काहीच बदलत नाही, कारण तुलना यादीतल्या मजकुराची नव्हे, संदर्भाची (यादी तीच की दुसरी याची) होते आणि यादी तीच राहते. जुनी यादी पसरून नवी यादी नेमली की चित्र पुन्हा रेखाटले जाते. मूल्यावर नजर ठेवणाऱ्या वॉच या पद्धतीबाबतही एक बारकावा आहे: प्रॉप बदलला की ते चालते, पण घटक पहिल्यांदा येताना चालत नाही. एकूण रकमेचा हिशेब त्यात ठेवला असेल तर तीच पद्धत पहिल्या रेखाटनाआधी चालणाऱ्या कम्पोनंट-विल-लोडमधूनही बोलवावी लागते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती कोकणात अधिक जाणवते. स्टेन्सिलच्या डिस्ट या बांधणीत पानावर आधी छोटा लोडर येतो आणि घटकाचा कोड तो टॅग पानावर सापडल्यावर आणला जातो. बाहेरून बोलावण्यासाठी उघड्या केलेल्या मेथडने (घटकाच्या पद्धतीने) नेहमी प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर मिळेल असे वचन, परत करावे, हा नियम यातूनच आला आहे: कोणी ‘यादी रिकामी कर’ म्हटले त्या क्षणी घटक आलेलाच नसण्याची शक्यता असते. घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत, जिथे मोबाइलची रेंज पडवीत येते आणि माजघरात जाते, तिथे ही शक्यता नुसती कागदावरची राहत नाही. तरीही मी मेथड क्वचितच उघड करतो. प्रॉप आत आणि इव्हेंट बाहेर एवढ्यावर भागत असेल तर तिसरा रस्ता कशाला काढायचा?

कम्पोनंट-विल-लोडमधून प्रॉमिस परत केले तर पहिले रेखाटन ते पूर्ण होईपर्यंत थांबते. ही सोय मोहात पाडणारी आहे, कारण दर सर्व्हरवरून आणून मगच पेटी दाखवली की कोड नेटका दिसतो. पण आईघटक थांबला की त्याच्या पोटातले घटकही थांबतात, आणि रेंज गेलेल्या ग्राहकापुढे कोरी जागा उरते. म्हणून मी दराची मागणी तिथे सुरू करतो, मात्र तिची वाट पाहत नाही. आकार आणि डझन आधी दाखवतो, दराच्या जागी ‘दर येत आहे’ असे लिहितो, आणि उत्तर आले की स्टेट बदलतो.

इव्हेंटविषयी थोडक्यात सांगायचे तर ते मुळातच वर झिरपणारे आणि शॅडो डॉमची (घटकाच्या आतल्या झाकलेल्या रचनेची) सीमा ओलांडणारे असतात, त्यामुळे बागायतदाराच्या पानावरचा साधा लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) पुरतो. त्यांना क्लिक किंवा चेंज अशी ब्राउझरची नावे तेवढी देऊ नयेत. रिअ‍ॅक्टमध्ये हे इव्हेंट ऐकणे १९व्या आवृत्तीपासून सोपे झाले. जुन्या आवृत्त्यांसाठी स्टेन्सिल वेष्टण तयार करून देतो.

कंपायलर सारे वाचतो याचा मला आवडणारा फायदा दस्तऐवजात दिसतो. डॉक्स-रीडमी हे आउटपुट चालू केले की प्रत्येक प्रॉपच्या डोक्यावर लिहिलेली टिप्पणी नाव, प्रकार आणि मूळ मूल्यासह तक्त्यात येते. मी त्या टिप्पण्या मराठीत लिहितो, आणि पान सांभाळणाऱ्या पुतण्याला तोच तक्ता पाठवतो. दराच्या रकान्यात अंक इंग्रजी हवेत की देवनागरी चालतील, हेही त्यातच लिहिलेले असते.