ऊस आमचा, टाकी पण आमचीच

दिवाळी झाल्या झाल्या दाजींचा फोन आला, "पाव्हणं, गाडी घ्यायची ठरलीय, बारा लाखांत बसवायची, तुम्ही सांगाल ती." या "तुम्ही सांगाल ती" वर मी दर वेळी फसतो. आमच्या पाहुण्यारावळ्यात मी गाड्यांचा डॉक्टर, फी नाही त्यामुळं गर्दी लई, आणि औषध मात्र कोण घेत नाही.

तरी गेलो. मी पलूसवरनं, दाजी आणि ताई मिरजेतनं, सांगलीत भेटून एका रविवारी तीन शोरूम केली. तिन्हीकडं सेल्सवाल्या पोरानं पहिल्यांदा काय दाखवलं तर सनरूफ. मग दरवाज्यातली रंगीत लाईट, मग तो टीव्हीएवढा स्क्रीन. बॉनेट एकानंबी आपणहून उघडलं नाही, मीच म्हटलं उघड की बाबा, तर त्याला ती खालची खिट्टी सापडेना. स्टेपनी कुठाय विचारलं तर एका ठिकाणी उत्तर आलं, सर पंक्चर किट आहे. आता टायरला खिळा घुसला तर ते किट ठीक, पण खड्ड्याच्या धारंवर आपटून साईडवॉल म्हणजे टायरची बाजू फाटली तर त्या बाटलीतला फेस काय उपयोगाचा? रात्री अकराला विट्याकडनं येताना मग गाडी तिथंच सोडून चालत यायचं का. सीएनजी आणि इलेक्ट्रिकवाल्यांची अडचण कळते, जागा नसते, पण साध्या पेट्रोल गाडीत स्टेपनी काढून टाकणाऱ्याला माझा दंडवत.

स्क्रीनचं तर बोलूच नका. टेस्ट ड्राईव्हला मुद्दाम गाडी खराब रस्त्यावर घातली आणि दाजींना म्हटलं एसी कमी करा. बोट टेंपरेचरवर न्यायचं, गाडी उडायची, बोट पंख्यावर. तीन वेळा झालं, चौथ्याला दाजींनी काच खाली केली. जुन्या गाडीत गोल नॉब असायचा, रस्त्यावरची नजर न हलवता फिरवता यायचा. आता गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनंच २०२६ पासून नियम आणलाय की इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हझार्ड असल्या कामाच्या गोष्टींना खरी बटणं नसली तर पाच स्टार विसरा, आणि फोक्सवॅगननं पण आमचं चुकलं म्हणून बटणं परत आणायचं ठरवलंय. एसी त्या नियमात नाही, पण निदान सुरुवात तरी झाली. आपल्याकडं मात्र अजून स्क्रीन किती इंचाचा यावरच गाडी विकली जाते.

अ‍ॅडास म्हणजे ते आपोआप ब्रेक लावणारं, लेन धरणारं प्रकरण. याला मी आधी हसायचो. हायवे सोडून आमच्या गावाकडं पांढरा पट्टा शोधून दाखवा, लेन कुठली धरणार ती बिचारी गाडी. पण नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडं रात्री गाडी चालवलीय का कधी? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, ड्रायव्हरला मागचा हॉर्न ऐकू येत नाही कारण पुढं टेप फुल्ल. समोरच्याच्या अप्परनं डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती दहा फुटांवर. अशा वेळी रडारनं अर्धा सेकंद आधी बोंब मारली तरी ती लाखाची वस्तू आहे. मत बदललंय माझं, कबूल. सनरूफच्या पैशात हे द्या की मग, पण नाही, ते टॉप मॉडेललाच.

दाजींचा पुढचा प्रश्न, सगळ्या छोट्या गाड्या मागनं छाटल्यासारख्या का दिसतात? कारण डिझाईन दिल्लीत होतं. २००६ च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, झालं, तेव्हापासून सगळ्या कंपन्यांच्या हातात डिझायनरच्या पेन्सिलीआधी मोजायची टेप असते. मारुतीची पहिली डिझायर चार मीटरच्या वर होती, २०१२ ची ३९९५ मिलिमीटर झाली, म्हंजे टॅक्स वाचवायला शेपूट कापली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक अजून वाढला. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी, त्यावर गेली की ४० टक्के. आधी सेस धरून छोटीला २९-३१ पडायचे आणि मोठीला ४५ ते ५०, म्हणजे स्वस्त दोन्ही झाल्या, पण चार मीटरची भिंत आहे तिथंच आहे. त्यामुळं १२०० सीसीच्या वरचं चांगलं पेट्रोल इंजिन आपल्याला छोट्या गाडीत क्वचितच मिळतं. डिझेल तर गेलंच जवळजवळ. ते फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन, स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तेच, लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये धुराचा कडक नियम बीएस सिक्स आला आणि ते बंद झालं, मारुतीनं डिझेलच सोडलं. आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी सुतक पाळलं असणार.

आता मूळ दुखण्यावर येतो. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

माझी गाडी २०१३ ची, पेट्रोल, कंपनी सांगत नाही कारण तिची काय चूक नाही. हायवेला सतराच्या आसपास द्यायची, आता साडेपंधरा-सोळा. मध्ये एकदा पेट्रोलचा वास यायला लागला, मिस्त्रींनी रबरी पाईप काढून हातात दिला, फुगून मऊ झालेला. ई२० मुळंच झालं असं छातीठोक म्हणत नाही, बारा वर्षांचं रबर कशानंही जातं. पण गणित साधं आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास ताकद तिथंच गेली, ॲव्हरेज तेवढंच राहील कसं? हां, ऑक्टेन वाढतं हे खरं, पण त्याचा फायदा त्या हिशोबानं बनवलेल्या इंजिनाला, माझ्या म्हातारीला काय त्याचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाईप, सील ई२० चालतील असे आहेत, म्हणून दाजींना या बाबतीत बिनघोर राहा म्हटलं.

पण गंमत घरात आहे, कारण हे इथेनॉल उसापासनं पण बनतं. हे सगळं मी जेवताना बोलत होतो आणि समोर आण्णा. आमचा दोन एकर ऊस, ऊसतोड टोळी नुकतीच येऊन गेलेली.

"कारखान्याची साखर गोडाऊनला पडून राहती," आण्णा म्हणाले, "इथेनॉलचं पैसं तेल कंपनीकडनं लगेच येत्यात. म्हणून तर बिल निघतंय. तुला दीड किलोमीटरचं पडलंय."

आता यावर काय बोलणार. कायद्यानं तोड झाल्यावर १४ दिवसांत एफआरपी म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव द्यायचा, पूर्वी त्याचे किती महिने व्हायचे ते मीच बघितलंय, माझी कॉलेजची फी त्या बिलाची वाट बघत थांबलेली. म्हणजे माझ्याच वावरातला ऊस माझ्याच गाडीचा पाईप फुगवतोय आणि पाईपचे पैसे पण उसाच्याच बिलातनं. (तसं आता देशात मक्याचं इथेनॉल उसाच्या पुढं गेलंय, हे आण्णांना सांगितल्यावर ते लई नाराज झाले.)

माझा राग इथेनॉलवर नाहीच. राग आहे तो पंपावर. ब्राझीलमध्ये पण ऊस, तिथं तर पेट्रोलमध्ये आता ३० टक्के इथेनॉल, पण २००३ पासून पेट्रोल, इथेनॉल दोन्ही चालणाऱ्या फ्लेक्स फ्युएल गाड्या आहेत आणि पंपावर शेजारच्या नळीला नुसतं इथेनॉल मिळतं. तिथला माणूस दोन्ही भाव बघतो, इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असलं तर ते भरतो, नाहीतर हे. आपल्याकडं बहुतेक पंपांवर नळी एक, भाव एक. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात लिहिलेलं होतं की ताकद कमी म्हणून हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त द्यावं. कुठं स्वस्त झालं? जुन्या गाडीवाल्यांना ई१० ची, म्हणजे दहा टक्केवाली, एक नळी ठेवा, भाव वेगळा लावा, मी गुपचूप भरीन. टोयोटानं फ्लेक्स फ्युएलची इनोव्हा २०२३ मध्ये गडकरींच्या हस्ते दाखवली होती, ती सुद्धा नमुनाच. ऊस पिकवणाऱ्या माणसाला परवडेल अशी फ्लेक्स फ्युएल छोटी गाडी आधी आणा की राव, आमच्या पट्ट्यात रांग लागेल, आण्णा पहिले उभे राहतील.

दाजींना मी एक चार मीटरच्या आतली, भारत एनकॅपला पाच स्टार असलेली, मधल्या व्हेरियंटची सांगितली. एसीला बटणं, खाली खरी स्टेपनी, सनरूफ नाही. "एकदम पटलं पाव्हणं," म्हणाले. परवा ताईचा मेसेज आला. कलर तिनं ठरवला, सनरूफ पोरांनी ठरवलं, हप्ता दाजींनी ठरवला, टॉप मॉडेल बुक झालंय, किट वालं. मला फक्त डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी गाडी तपासायला यायचंय, टायरवरचा बनवल्याचा आठवडा बघायला आणि रंगाला कुठं टचअप मारलंय का ते बघायला. जाताना माझी गाडी नेणार नाही, पाईपचा दुसरा तुकडा कोल्हापूरवरनं यायचाय.