सात नंबरची फ्रेम

खोकं बुटांचं होतं. कवीच्या मुलीने ते टेबलावर ठेवलं, तरी झाकणावरचा हात काही काढला नाही. सत्तरीच्या आसपासच्या बाई. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आई त्यांच्यामागून गेलेली. "यात कुणीतरी क्रम लावलाय," त्या म्हणाल्या. "बाबांनी की आईने, ठाऊक नाही. तेवढा मोडू नका."

मी मान डोलावली. पण तो क्रम आम्ही मोडणार होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी ते बोलले नाही. याची रुखरुख अजून आहे.

मी एका संग्रहात जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करते, त्यांच्या नोंदी करते. या कवीने जवळजवळ वीस वर्षं आपल्या लेखक मित्रांचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढले होते. विभागाची सूचना स्पष्ट होती. ज्यात लेखक दिसतात ते फोटो 'साहित्यिक', ते आधी घ्यायचे. बायको, मुलगी, अंगण, मांजर हे 'कौटुंबिक', ते वेळ उरला तर. वेळ कधीच उरत नाही, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला. ॲसिटेट फिल्मचा हा जुना आजार. फिल्मचा पाया आतून कुजायला लागतो, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड पुढची कुज वाढवत नेतं. फिल्म आक्रसते, कडा वळतात, शेवटी चित्राचा थर सुरकुत्या पडून सुटतो. थंड, कोरड्या जागेत ठेवलं तर वेग मंदावतो. झालेलं नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणून मी सत्तरेक पाकिटांमध्ये ॲसिड ओळखणाऱ्या कागदाच्या पट्ट्या सरकवल्या आणि दिवसभर तशाच ठेवल्या. या पट्ट्या मुळात निळ्या असतात. ॲसिड असेल तर हिरव्या होतात, फार असेल तर पिवळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक पट्ट्या निळसर हिरव्या होत्या. एकच पिवळी निघाली. त्या पाकिटावर पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता: 'घर'.

सूचनेप्रमाणे हे पाकीट सगळ्यात शेवटी यायला हवं होतं. फिल्मची अवस्था म्हणत होती, आत्ताच्या आत्ता. मी फिल्मचं ऐकलं.

आत तीन-तीन फ्रेमच्या चार पट्ट्या होत्या, म्हणजे '१२०' प्रकारच्या फिल्मचा एक पूर्ण रोल. फ्रेम चौकोनी, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या. कवीचा कॅमेरा दोन भिंगांचा होता, छातीशी किंवा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या फोटोंमधली सगळी माया मला तिथून आलेली वाटते. त्यात फोटो काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही. तो मान खाली घालून बघतो. समोरच्याला कुणीतरी आपल्यावर काही रोखलंय असं वाटत नाही, एक माणूस वाकून उभा दिसतो, बस. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे घाई करून चालत नाही. मित्र बोलत राहतात. या रोलवरच्या एकाही चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू नाही.

पहिल्या तीन फ्रेम मुलीच्या, झोपाळ्यावर. चौथ्या फ्रेममध्ये एक ज्येष्ठ कथाकार तिला कडेवर घेऊन उभे. त्यांच्या करारी लेखनाबद्दल जेवढं ऐकलंय, त्यात हा फोटो कुठेच बसत नाही. पाचवी हललेली, सहावी मांजराची. सातवी मी प्रकाशपेटीवर ठेवली, भिंग लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

हा फोटो मला पाठ होता. तीन लेखक व्हरांड्यात बसलेत आणि तिघेही मनापासून हसताहेत. कितीतरी ठिकाणी छापला गेलाय, खाली बहुतेक 'तीन मित्रांची मैफल' अशा अर्थाची ओळ असते. आमच्याकडे त्याचा एक उभा प्रिंटही आधीपासून आहे. त्यात उजव्या कडेला खुर्चीच्या पाठीवर टेकलेली चार बोटं दिसतात, कुणाची ते कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि तिघांच्या नजरा एकमेकांकडे नाहीत, चौकटीच्या बाहेर कुठेतरी आहेत, हेही मी इतक्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं.

निगेटिव्ह चौकोनी होतं. फोटोचा कागद मात्र आयताकृती असतो, पुस्तकाचं पानही. चौकोनातून उभा आयत काढायचा म्हणजे एक बाजू जाणारच. इथे उजवी गेली होती.

त्या बाजूला कवीची पत्नी बसली होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा हवेत, तोंड अर्धं उघडं, बोलता बोलता. तिघेही तिच्याकडे बघत होते. ती काहीतरी सांगत होती आणि हे तीन मोठे लेखक तिच्या बोलण्यावर हसत होते.

मी लगेच स्कॅन केला. एरवी आधी यादी, मग सफाई, मग स्कॅन असा आमचा क्रम. त्या दिवशी ब्लोअरने धूळ उडवली आणि पट्टी होल्डरमध्ये घातली. कडा इतक्या वळल्या होत्या की दोनदा बसवावी लागली. पडद्यावर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं तेव्हा तिच्या बांगड्यासुद्धा मोजता येत होत्या.

मग कपाटातून तो प्रिंट काढला आणि उलटा केला. मागे कवीच्या अक्षरात बॉलपेनने नावं होती. (बॉलपेनचा दाब कागदाच्या पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून आम्ही फक्त मऊ पेन्सिल वापरतो, तीही कडेला. पण त्या दिवशी मला तो दाब आवडला.) तीन लेखकांची नावं आणि त्यांच्याखाली, तेवढ्याच आकारात, पत्नीचं नाव. आमच्या जुन्या नोंदीत याचा अर्थ 'प्रत पत्नीला भेट दिली असावी' असा लावलेला होता. अंदाज होता आणि तो कुणी तपासला नव्हता. कवीने चौघांचा फोटो काढला होता, म्हणून चौघांची नावं लिहिली होती. स्टुडिओतून कापलेला प्रिंट हातात आल्यावरसुद्धा त्याने चौघांचीच नावं लिहिली.

कवी फोटोला शब्द जोडतो तेव्हा ते शब्द फोटोइतकेच जपायचे असतात. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गने १९५३ च्या सुमाराला मित्रांचे साधे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९८० च्या दशकात त्याच जुन्या फोटोंखाली स्वतःच्या हाताने लांबलचक ओळी लिहिल्या. आज त्या प्रिंटवरून नजर आधी चेहऱ्यावर जाते की अक्षरावर, सांगता येत नाही. आमच्या कवीने चारच शब्द लिहिले होते आणि आम्ही चौथा चुकीचा वाचला.

दुपारी बाई चेहरे ओळखून द्यायला आल्या. मी काही न सांगता पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आई नकला करायची. या तिघांच्याही करायची, त्यांच्या तोंडावर. बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "मी लहानपणी छापलेला फोटो दाखवून विचारलं होतं, हे कशाला हसताहेत? ती म्हणाली, कुणास ठाऊक."

मी वरिष्ठांना बोलावलं. त्यांना सात नंबर दाखवला, मग प्रिंटची मागची बाजू, मग पाकिटावरचा 'घर' हा शब्द. म्हटलं, यादीप्रमाणे गेलो असतो तर हे पाकीट वर्षभराने उघडलं असतं, तोवर थर सुटला असता. आणि उघडलं असतं तरी रोलचे दोन तुकडे केले असते: कथाकार इकडे, त्यांच्या कडेवरची मुलगी तिकडे. रोल ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने राहू द्या. ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भिंग घेतलं, चौथी फ्रेम पाहिली, पुन्हा सातवी पाहिली आणि म्हणाले, "तसंच ठेवा. सगळंच."

नोंद दुरुस्त करायला बसले. 'व्यक्ती' या रकान्यात चार नावं घातली. अशा ठिकाणी 'कवीची पत्नी' एवढंच लिहिण्याची पद्धत आहे. मी नाव लिहिलं, कवीने लिहिलं होतं तसं. 'छायाचित्रकार' या रकान्यात कवीचं नाव सगळ्या नोंदींना आधीच भरून ठेवलेलं होतं, त्याला हात लावायचं कारण नव्हतं.

"आणि ही?" बाईंनी आठव्या फ्रेमवर बोट ठेवलं.

तोच व्हरांडा, तेच तिघे. चौथ्या खुर्चीत या वेळी कवी स्वतः, हात अर्धवट उचललेला, जणू थांब म्हणतोय. डोक्याचा वरचा भाग कापला गेलेला. अख्खी चौकट डावीकडे कललेली, व्हरांड्याचा खांब आडवा पडायला आल्यासारखा.

"आईचे फोटो असे तिरके यायचे," बाई म्हणाल्या. "बाबा चिडवायचे तिला."

मी आठव्या फ्रेमच्या नोंदीतलं छायाचित्रकाराचं नाव खोडलं आणि तिचं घातलं. मग बाकीच्या पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला, एक भिंग त्यांच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघी पहिल्या पाकिटापासून तिरक्या फ्रेम शोधायला लागलो.