नाराज होती का?

सोमवार, रात्री

आईने फोन ठेवला आणि मेथी निवडता निवडता सहज सांगितल्यासारखं सांगितलं. चिंचवडच्या काकूंनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, मुक्ताच्या, होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं म्हणे, "तुमची थोरली नाराज होती का हो परवा? काही खटकलं का तिला?" आईने उत्तरही देऊन टाकलं होतं. "छे हो, डोकं दुखत होतं तिचं."

माझं डोकं दुखत नव्हतं. आईला ते माहीत आहे. असो.

ते 'नाराज' मात्र डोक्यातून जात नाहीये. शिष्ट म्हणाल्या असत्या, आखडू म्हणाल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. ते शाळेपासून ऐकत आलेय, त्याला घट्टे पडलेत. पण नाराज? परवा मी खूश होते. माणसांनी भरलेल्या खोलीत मी इतकी खूश कधी असते?

परवा आमच्याकडे मुक्ताच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. आदल्या रात्री तिला धरून यादी केली होती. कोण कोण येणार, कुणाच्या पाया पडायचं, चहा कधी, पोहे कधी, मी आत केव्हा गेले तर चालेल. सकाळपासून पोटात गोळा होताच. भीती वेगळी आणि माझा ऑटिझम वेगळा, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पाहुण्यांची गाडी खाली लागली की ही वाटणी मला जमत नाही. चेहरा आपण होऊन हलत नाही. तो हलत नाहीये हे लोकांना दिसतंय, ही भीती. मग सगळं लक्ष स्वतःच्या गालांवर. तोवर समोरचा माणूस काहीतरी बोलून उत्तराची वाट बघत असतो.

नमस्काराचं मात्र मला आवडतं. वाकायचं, पायांना हात लावायचा, "सुखी राहा" ऐकायचं, बाजूला व्हायचं. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ओळखपाळख एवढ्यावर संपली असती तर माझ्यासारखी गुणी मुलगी पंचक्रोशीत सापडली नसती. सगळा घोळ होतो तो हातात बश्या आल्यावर. "मग, बाकी काय म्हणतेस?" बाकी म्हणजे कशातून काय वजा करून?

परवा तेही झालं नाही. काका म्हणाले, ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. यादी, गोळा, गाल, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी विचारलं, मुक्कामी गाडी कोणत्या गावाला द्यायची हे ठरवतं कोण? काका सरसावून बसले. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीत झोपतात की देवळात, पहाटे गाडी सुरू झाली नाही तर कॉलेजच्या पोरांचं काय, एका शेड्यूलला उशीर झाला की दिवसभर पुढच्या फेऱ्या कशा कोलमडत जातात. मग अर्थातच पहिली गाडी, १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. तारीख मी सांगितली, आणि काकांनी मांडीवर थाप मारली. मग १९८२ च्या दिल्लीतल्या खेळांवरून 'एशियाड' हे नाव गाड्यांना कसं चिकटलं ते. सुपारी कधी फुटली मला कळलंच नाही. हातात पेढा आला तेव्हा कळलं.

आणि या सगळ्या वेळात माझ्या चेहऱ्यावर काय होतं? मुक्ताच्या फोटोत बघितलं. काहीही नव्हतं. सोफ्याच्या कडेला मी, मान खाली, नजर काकांच्या गुडघ्यांवर, कपाळाला आठी. माझ्या सगळ्या आनंदाचा हा एवढाच पुरावा.

गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाचं आठवतंय. झांजा, मिक्सर, एकाच वेळी चार जणींचं बोलणं, उदबत्तीचा वास. मी अखंड हसत होते. घरी येऊन बाथरूममध्ये दिवा न लावता बसले होते. त्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, किती गोड आहे हो तुमची मुलगी! म्हणजे हाल होत असतात तेव्हा मी गोड आणि सुखात असते तेव्हा नाराज. हसू मला आठवणीने हसावं लागतं. खरंच खूश झाले की आठवण राहत नाही. याचा दोष मी कुणाला देऊ?

टेक्सासमधल्या नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये छापलेलं संशोधन मी असल्या रात्री पुन्हा उघडते. चांगली सवय नाही. ऑटिस्टिक आणि इतर माणसांची काही सेकंदांची चित्रफीत अनोळखी लोकांना दाखवली. कुणाला नुसता आवाज, कुणाला नुसतं चित्र, कुणाला दोन्ही. तेवढ्यातच मतं झाली: याच्याशी गप्पा माराव्याशा वाटत नाहीत, हिच्या शेजारी बसावंसं वाटत नाही. मात्र ज्यांना तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, त्यांच्या मतांत हा फरक उरला नाही. शब्द तेच होते, माणूस दिसेनासा आणि ऐकू येईनासा झाला एवढंच.

लग्नात दोघांच्या मध्ये अंतरपाट धरतात, तसा माझ्यासाठी कुणी दर समारंभाला धरायला हवा. अलीकडून मी चिठ्ठ्या देत जाईन. मंगलाष्टकं संपेपर्यंत काकूंचं माझ्याबद्दल बरं मत झालेलं असेल, मग खुशाल पडदा काढा.

ऑटिस्टिक आहे हे आधी कळलं तर लोकांचं मत थोडं निवळतं, असंही याच लोकांच्या नंतरच्या कामात आहे. सांगायचं तर मग आत्ताच सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, माझं दिव्यांगाचं कार्डही आहे, कपाटात, साड्यांच्या खाली. ते तिथे कुणी ठेवलं हा विषय नको. "लग्न होऊन जाऊ दे," एवढंच ठरलं आहे, आणि मुक्ता त्यावर काही बोललेली नाही. घराण्यात काय आहे, काय नाही, लोक विचारतात. मुक्ताचं लग्न आहे. माझं नाही.

इथपर्यंत लिहून जेवायला उठले होते.

पानावर मुक्ताने विचारलं, "ताई, तुला काकू कशा वाटल्या?" म्हटलं, छान वाटल्या, हसतमुख, खुशीत होत्या. मुक्ताला ठसका लागला. काकू म्हणे अर्धा वेळ काकांना डोळ्यांनी दटावत होत्या. एसटी आवरा आणि तारखेचं बोला. नंतर तर घसाही खाकरला, दोनदा. आईने ऐकलं, मुक्ताने ऐकलं, फक्त आम्हा दोघांना पत्ता नव्हता.

म्हणजे मी खूश होते आणि त्यांना नाराज दिसले. त्या वैतागलेल्या होत्या आणि मला खूश दिसल्या. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं होतं, की ही न समजण्याची अडचण एका बाजूची नसते. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यामुळे घसे खाकरणाऱ्यांचा त्यांनाही अनुभव असणार. इतकी वर्षं हे तत्त्व म्हणून मला पटत होतं. पोह्यांच्या बशीसकट आजच दिसलं. काकूंनी निदान फोन करून विचारलं तरी. मी तर त्यांना हसतमुख ठरवून मोकळी झाले होते.

काकांबद्दल मला एक शंका आहे. ती इथे लिहीत नाही.

रविवारी याद्या करायला चिंचवडला जायचंय. मुक्ताशी ठरवलंय: आत शिरताना काकूंकडे बघून हसायचं, निघताना हसायचं, मधल्या वेळात चेहरा आपला आपण. त्यांनी घसा खाकरला तर मुक्ता माझ्या पायावर पाय देणार. तोवर मला काकांना विचारून घ्यायचंय, की २०१९ च्या शेवटी मेट्रोसाठी शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला नेला, तेव्हा नाशिकच्या गाड्यांचं वेळापत्रक नव्याने बसवलं, की जुन्याच वेळा चालू ठेवून उशीर सोसला?